तिजोरी म्हणजे एक फाइल: लिनक्सवर पासवर्ड मॅनेजर बसवताना

लिनक्सवर पासवर्ड मॅनेजर बसवायला पाच मिनिटं पुरतात. एपीटी, डीएनएफ किंवा पॅकमन, प्रोग्राम बसवून देणारं जे साधन तुमच्या डिस्ट्रोत, म्हणजे लिनक्सच्या तुमच्या प्रकारात असेल त्याला नाव सांगायचं की प्रोग्राम उतरतो आणि मेनूत दिसायला लागतो. बरेच जण इथेच थांबतात, चार-सहा महिने मजेत जातात, मग एक दिवस डिस्क जाते किंवा बाकी सगळे पासवर्ड उघडणारा मास्टर पासवर्ड आठवत नाही आणि डोक्याला हात लावायची वेळ येते. खरं काम त्या पाच मिनिटांनंतर सुरू होतं. ते नीट व्हायचं असेल तर एक गोष्ट आधी पक्की समजून घ्यायला हवी: तुमचे सगळे पासवर्ड जिथे राहणार आहेत ती तिजोरी ही एक फाइल आहे. इतर फाइलींसारखीच तिची प्रत काढता येते, ती हरवते, चोरीला जाते, चुकून पुसली जाते. पुढे जे सांगणार आहे ते सगळं यातूनच निघतं.

आधी, हे सगळं करायचं कशासाठी ते सांगतो. एखाद्या संकेतस्थळाची माहिती फुटली की त्यातल्या ईमेल आणि पासवर्डच्या जोड्या इतर शेकडो ठिकाणी आपोआप लावून पाहिल्या जातात. तुम्ही तोच पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल तर ते दारही उघडतं. म्हणजे प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड हवा, आणि तो माणसाने सुचवलेला नको. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली युनिक्स वापरणाऱ्यांचे ३,२८९ पासवर्ड तपासले, तेव्हा त्यातले ८६ टक्के फारच आखूड, शब्दकोशातले किंवा नावांच्या यादीतले निघाले. माणसाची स्मरणशक्ती तेव्हा होती तशीच आजही आहे. शंभर ठिकाणचे शंभर अर्थहीन पासवर्ड कुणाच्याच लक्षात राहणार नाहीत, म्हणून ते लक्षात ठेवायचं काम यंत्राला द्यायचं.

ब्राउझर पासवर्ड लक्षात ठेवतोच की, असं इथे कुणीतरी म्हणतं. ठेवतो, पण कसा ठेवतो ते पाहा. फायरफॉक्समध्ये तुम्ही स्वतःहून मुख्य पासवर्ड लावला नाही, तर एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नयेत असे बदललेले पासवर्ड आणि ते उघडणारी किल्ली एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी पडलेली असतात. क्रोमियम हा ब्राउझर किल्ली ठेवण्यासाठी डेस्कटॉपच्या कीरिंगची, म्हणजे गुप्त गोष्टी जपणाऱ्या त्याच्या सोयीची मदत घेतो. ती मिळाली नाही तर तो प्रोग्रामच्या कोडमध्येच लिहून ठेवलेल्या एका ठरावीक शब्दावरून किल्ली बनवतो. तो शब्द आहे 'पीनट्स', आणि कोड खुला असल्याने तो सगळ्या जगाला माहीत आहे. तुमच्या होम फोल्डरची प्रत ज्याच्या हाती लागेल त्याला त्या कुलपाचा काहीही त्रास होणार नाही.

ग्नोम डेस्कटॉपचं कीरिंग आणि केडीई डेस्कटॉपचं केवॉलेट यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. वायफायचा पासवर्ड किंवा ईमेल प्रोग्रामची किल्ली ठेवायला ती चांगली आहेत. पण सहसा तुम्ही लॉगइन करताच ती उघडतात, आणि एकदा उघडली की तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्राम त्यांच्याकडे आतली गोष्ट मागू शकतो. यंत्रांनी आपसात बोलण्यासाठी ती केलेली आहेत. बँकेचा पासवर्ड मी तिथे ठेवणार नाही.

मग काय निवडायचं? टर्मिनलमध्येच राहणाऱ्यांना 'पास' आवडेल. वायरगार्ड हे व्हीपीएन लिहिणाऱ्या जेसन डोनेनफेल्ड यांचीच ही शेल स्क्रिप्ट, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञांचा छोटा प्रोग्राम आहे. ती प्रत्येक पासवर्डची एक वेगळी फाइल जीपीजी या एन्क्रिप्शनच्या साधनाने एन्क्रिप्ट करून ठेवते आणि हवं तर बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये नोंदही करते. रचना सुंदर आहे, पण दोन अडचणी आहेत. फाइलींची नावं उघडी राहतात, त्यामुळे तुमची खाती कुठे कुठे आहेत ते कुणालाही वाचता येतं; आणि जीपीजीची किल्ली सांभाळणं हे आणखी एक काम होऊन बसतं. दुसरा पर्याय बिटवॉर्डनचा. त्यात तिजोरी सर्व्हरवर असते आणि फोन, लॅपटॉप सगळीकडे ती आपोआप सारखी राहते. ज्याला फाइलींच्या मागे फिरायचं नाही त्याने ते खुशाल घ्यावं. कुटुंबातल्या चार जणांना एकत्र वापरायचं असेल तर मी स्वतः तेच सुचवतो.

तरीही एकट्या माणसाला, लिनक्सवर, माझं उत्तर कीपासएक्ससी हेच असतं. डॉमिनिक रायखल यांनी २००३ मध्ये विंडोजसाठी कीपास सुरू केलं. त्याचं लिनक्सवरचं रूप कीपासएक्स, आणि त्याचं काम मंदावल्यावर समुदायाने पुढे नेलेली शाखा म्हणजे कीपासएक्ससी. कोड खुला आहे, खातं काढावं लागत नाही, आणि तिजोरीच्या फाइलीची रचना जाहीर असल्यामुळे इतर अनेक प्रोग्राम ती उघडू शकतात. अँड्रॉइडवर कीपासडीएक्स, आयफोनवर कीपासियम किंवा स्ट्राँगबॉक्स. उद्या कीपासएक्ससी बंद पडलं तरी तुमचे पासवर्ड अडकून पडत नाहीत.

बसवताना एक लक्षात असू द्या. डेबियनमध्ये हा प्रोग्राम आता दोन रूपांत मिळतो. एकातून ब्राउझरशी जोडणीसारख्या सोयी काढून टाकलेल्या आहेत, दुसऱ्याच्या नावात 'फुल' आहे. तुम्हाला फुलच हवं.

मास्टर पासवर्ड

पहिल्यांदा प्रोग्राम उघडून नवा डेटाबेस, म्हणजेच तिजोरीची फाइल तयार करायला सांगितलं की तो तीन गोष्टी विचारतो. नाव काहीही द्या. दुसऱ्या पडद्यावर उघडायला लागणाऱ्या वेळाची सरकपट्टी असते, ती मुळात एका सेकंदावर असते, तशीच राहू द्या. हा एक सेकंद मुद्दाम घालवलेला आहे. तुमच्या पासवर्डपासून प्रत्यक्ष किल्ली बनवायचं काम आर्गॉन२ नावाची पद्धत करते. पासवर्ड जपून ठेवण्याच्या पद्धतींची एक खुली स्पर्धा झाली होती, तिच्यात २०१५ मध्ये ही पहिली आली. तिचं वैशिष्ट्य असं, की प्रत्येक प्रयत्नाला ती वेळही खाते आणि मेमरीही. तुम्हाला दिवसातून दोनदा एक सेकंद थांबावं लागतं. चोराला मात्र प्रत्येक अंदाजासाठी थांबावं लागतं.

हे महत्त्वाचं का, तर फाइल चोराकडे गेली की त्याला अडवणारा कुणी नसतो. संकेतस्थळ तीन चुकांनंतर खातं बंद करतं. फाइल काहीच बंद करत नाही, तो हवे तितके दिवस प्रयत्न करू शकतो. २०२२ मध्ये लास्टपास या सेवेकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, संकेतस्थळांचे पत्ते मात्र उघडे होते. ज्यांचा मास्टर पासवर्ड कच्चा होता त्यांच्या आणि चोराच्या मध्ये मग फारसं काही उरलं नाही.

म्हणून तिसऱ्या पडद्यावर, जिथे मास्टर पासवर्ड मागितला जातो, तिथे घाई करू नका. आर्नल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडलेली फाशांची पद्धत आजही सगळ्यात चांगली आहे. पाच फासे टाकले तर ७,७७६ वेगवेगळी दानं पडू शकतात. तेवढ्या शब्दांची एक यादी घ्यायची आणि दान पडेल तो शब्द उचलायचा. असे सहा शब्द. समजा चोर सेकंदाला दहा लाख अंदाज करतो आहे, तरी सहा शब्दांच्या सगळ्या जोड्या तपासायला त्याला सुमारे ७०० कोटी वर्षं लागतील. चारच शब्द घेतले तर तोच काळ सुमारे ११६ वर्षांवर येतो, आणि त्याच्याकडे अशी शंभर यंत्रं असतील तर वर्षभरावर. दोन जास्तीचे शब्द पाठ करायचा त्रास नक्की घ्यावा. फासे नसतील तर कीपासएक्ससीमधला जनरेटर हेच काम करतो, त्यात पासफ्रेज निवडा. शब्द मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका. आवडीचा शब्द घातला की ती निवड फाशांची राहत नाही.

मराठी शब्द घेतले तर पाठ करायला सोपं जातं, आणि तसं करायला हरकत नाही. जाडजूड शब्दकोश घ्या, पान आणि ओळ फाशांनी ठरवा. पण ते रोमन अक्षरांत टाइप करा आणि स्पेलिंग एकदाच ठरवून कागदावर लिहा. 'पाऊस' आपण तीन-चार तऱ्हांनी लिहितो. संगणकाच्या लेखी ते तीन-चार निराळे शब्द आहेत. देवनागरीत मास्टर पासवर्ड ठेवायचा मोह मात्र टाळाच. 'दुसऱ्या' मधला अर्धा र आतून दोन वेगळ्या प्रकारे लिहिला जातो, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण त्यांतून बनणारी किल्ली वेगळी असते. एका कीबोर्डवर लावलेलं कुलूप दुसऱ्या कीबोर्डवर उघडणार नाही, आणि पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसत असल्याने चूक कुठे झाली ते कळायचंही नाही.

याच पडद्यावर की-फाइल जोडायचीही सोय आहे. म्हणजे पासवर्ड आणि एक विशिष्ट फाइल, दोन्ही असल्याशिवाय तिजोरी उघडणार नाही. तिजोरी तुम्ही परक्या सर्व्हरवर ठेवणार असाल तर याचा उपयोग आहे. की-फाइल तिथे कधीच ठेवायची नाही, म्हणजे सर्व्हरवरून तिजोरी गेली तरी अर्धी किल्ली घरीच राहते. पण की-फाइल हरवली तर तिजोरी कायमची गेली, कुणाकडेही दाद मागता येत नाही. नव्याने सुरू करणाऱ्याला मी आधी सहा शब्दांवर भर द्यायला सांगतो.

नवा मास्टर पासवर्ड पहिला आठवडा रोज तीन-चार वेळा टाइप करा. शुक्रवारी रात्री ठरवून सोमवारपर्यंत तिजोरीला हात लावला नाही, तर तो हमखास विसरला जातो.

जुने पासवर्ड आत आणताना

ब्राउझरमधले पासवर्ड सीएसव्ही फाइलीत काढून कीपासएक्ससीमध्ये आयात करता येतात. सोय चांगली आहे, पण ती सीएसव्ही फाइल म्हणजे तुमचे सगळे पासवर्ड साध्या अक्षरांत. नंतर ती पुसली तरी एसएसडीवर तिचे अवशेष राहू शकतात, आणि बीटीआरएफएससारख्या फाइल सिस्टीमवर वरून लिहून पुसायची जुनी युक्तीही भरवशाची नाही. लिनक्सवर याला एक छान उपाय आहे. मुळाशी असलेल्या डेव्ह फोल्डरमध्ये एसएचएम नावाचा उपफोल्डर असतो, तो डिस्कवर नसून मेमरीत असतो. सीएसव्ही तिथे उतरवा, तिथूनच आयात करा, पुसा आणि मशीन बंद करून परत सुरू करा. डाउनलोड फोल्डरमध्ये ती एक क्षणही नको. आयात झाल्यावर ब्राउझरमधले जतन केलेले पासवर्ड काढून टाका आणि ते जतन करायची सोय बंद करा.

सगळे पासवर्ड एकाच दिवशी बदलायला बसू नका, माणूस कंटाळतो आणि चुका करतो. ईमेलचा आधी, कारण बाकी सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलो' हे निरोप तिथेच येतात. मग पैशांची खाती. उरलेले, जेव्हा जिथे लॉगइन करायची वेळ येईल तेव्हा. कोणते फुटलेले आहेत ते पाहायची सोय प्रोग्राममध्येच आहे. ट्रॉय हंट यांच्या 'हॅव आय बीन पोन्ड' या सेवेकडे तो चौकशी करतो. पासवर्ड तिथे पाठवला जातो का, अशी भीती वाटणं स्वाभाविक आहे. पासवर्डपासून गणिताने एक लांब ठसा बनवला जातो आणि त्याची फक्त पहिली पाच अक्षरं पाठवली जातात. त्या पाच अक्षरांनी सुरू होणारे फुटलेले शेकडो ठसे परत येतात आणि जुळणी तुमच्याच संगणकावर होते.

आता ब्राउझरशी जोडणी. कीपासएक्ससीच्या सेटिंगमध्ये तुमचा ब्राउझर निवडा, ब्राउझरमध्ये त्यांचं एक्स्टेन्शन घाला आणि दोघांची ओळख करून द्या. यातला मोठा फायदा लोक सोय म्हणून पाहतात, मला तो संरक्षण वाटतो. एक्स्टेन्शन पानाचा पत्ता नोंदीतल्या पत्त्याशी जुळवून पाहतं. बँकेसारखं हुबेहूब दिसणारं बनावट पान आलं तर माणूस फसतो. एक्स्टेन्शनला पानाचा रंग आणि चिन्ह दिसतच नाहीत, पत्ता वेगळा असला की ते पासवर्ड भरत नाही. म्हणून एखाद्या ओळखीच्या पानावर पासवर्ड आपोआप आला नाही, तर हाताने चिकटवायच्या आधी पत्ता अक्षर न् अक्षर वाचा.

ही जोडणी पहिल्या झटक्यात लागली नाही तर कारण बहुधा एकच असतं. स्नॅप किंवा फ्लॅटपॅकच्या रूपात आलेला प्रोग्राम आपल्या कुंपणाच्या आत चालतो, बाहेरच्या प्रोग्रामशी त्याला थेट बोलता येत नाही. उबुंटूत २२.०४ पासून फायरफॉक्स मुळातच स्नॅप म्हणून येतो. दोन्ही प्रोग्राम डिस्ट्रोच्या नेहमीच्या पॅकेजांतून घेतले की गाठ सहसा विनासायास बसते.

पासवर्ड कॉपी करून चिकटवायचा असेल तर कीपासएक्ससी दहा सेकंदांनी क्लिपबोर्ड रिकामा करतो. मात्र क्लिपबोर्डचा इतिहास ठेवणारं एखादं साधन तुम्ही लावलं असेल तर त्याच्याकडे प्रत राहून गेली आहे का ते स्वतः पाहा. पडदा कुलूपबंद झाला, लॅपटॉप झोपवला किंवा काही मिनिटं वापरला नाही की तिजोरीही बंद व्हावी, एवढं सेटिंग जरूर करा.

आणि एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. तुमच्या खात्यात शिरलेल्या दुष्ट प्रोग्रामपुढे उघडी तिजोरी टिकत नाही. पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या जुन्या एक्स११ मध्ये तर एका खिडकीत दाबलेली बटणं दुसऱ्या प्रोग्रामला ऐकता येतात. त्याच्या जागी आलेल्या वेलँडने ही वाट बंद केली. त्याच कारणाने दुसऱ्या खिडकीत आपोआप टाइप करून देण्याची ऑटो-टाइपची सोयही तिथे अडखळते. ही अदलाबदल मला मान्य आहे.

सगळं गेलं तर?

आता पुन्हा फाइलीकडे येऊ. होममध्ये तिच्यासाठी वेगळा फोल्डर करा आणि वाचण्या-लिहिण्याची परवानगी फक्त स्वतःला ठेवा. फोनवरही तिजोरी हवी असेल तर सिंकथिंग वापरा. ते तुमच्याच दोन उपकरणांमध्ये फाइल सारखी ठेवतं, मध्ये कुणाच्या सर्व्हरवर ती साठत नाही. लॅपटॉप आणि फोन दोन्हीकडे एकाच वेळी बदल झाले तर सिंकथिंग दुसरी प्रत वेगळ्या नावाने बाजूला ठेवतं. ती पाहून घाबरू नका आणि पुसूही नका. डेटाबेस मेनूतून दुसरी फाइल विलीन करता येते. प्रत्येक नोंदीला स्वतःची ओळख आणि बदलाची वेळ असल्याने प्रोग्राम नवीन कोणती ते ओळखतो आणि जुनी नोंदीच्या इतिहासात ठेवतो.

पण सिंकथिंग म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉपवर फाइल चुकून पुसलीत तर काही सेकंदांत ती फोनवरूनही जाते. वेगळी प्रत हवी, पेन ड्राइव्हवर, जी एरवी कशालाच जोडलेली नसते. आणि एक दुसऱ्या घरात किंवा दुसऱ्या इमारतीत.

इथे लोक एका चक्रात अडकतात, आणि ते आधी लक्षात येत नाही. तिजोरीची प्रत क्लाउडवर आहे, क्लाउडचा पासवर्ड तिजोरीत आहे. ईमेलने तो बदलता येईल, पण ईमेलचा पासवर्डही तिजोरीत आहे. ईमेलला दुसऱ्या टप्प्याचा सहा आकडी कोड लागतो, तो फोनवर येतो, आणि फोन लॅपटॉपबरोबर त्याच बॅगेत होता. प्रत्येक कुलपाची किल्ली पुढच्या कुलपात. म्हणून काही गोष्टी तिजोरीबाहेर, कागदावर असायला हव्यात: मास्टर पासवर्ड, डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर तिचा पासवर्ड, ईमेलचे राखीव कोड (फोन हाताशी नसताना चालणारे), आणि तिजोरीच्या प्रती कुठे आहेत ते. कागदावर पासवर्ड लिहू नये हे आपण इतकं ऐकलं आहे की हे चुकीचं वाटतं. पण इंटरनेटवरून चोरी करणाऱ्याला तुमच्या कपाटातला बंद लिफाफा दिसत नाही. तो कुठे आहे हे घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवा. तुम्ही रुग्णालयात असाल तेव्हा त्यांना तो लागेल.

सहा आकडी कोड तयार करायचं कामही कीपासएक्ससी करतो. साध्या खात्यांसाठी मी ते तिथेच ठेवतो. ईमेलचे मात्र वेगळ्या उपकरणावर ठेवतो, कारण तिजोरी फुटली तरी ते एक दार बंद राहावं.

शेवटी एक तपासणी करा, आणि ती लिनक्सवर फार सोपी आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी फोन बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून, म्हणजे ज्याच्यावरूनच अख्खं लिनक्स चालतं अशा पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा, म्हणजे आतल्या डिस्कवरचं काहीच हाताशी नसेल. त्यात कीपासएक्ससी बसवा, बॅकअपचा पेन ड्राइव्ह लावा, लिफाफा फोडा आणि कागदावर जे लिहिलं आहे तेवढ्याच बळावर ईमेलपर्यंत पोहोचून दाखवा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा तिजोरी लगेच उघडली, पण ईमेलचे राखीव कोड कागदावर लिहायचे राहून गेले होते. ते त्याच दुपारी लिहिले आणि नवा लिफाफा बंद केला.